तक्त्यावरील बटण : साठा नोंदवहीसाठी एक सोपी योजना

प्राथमिक शाळेच्या दप्तरात वह्या पुष्कळ असतात. परंतु ज्यांत एका दिवसाचाही खंड पडून चालत नाही, अशा वह्या दोन : हजेरीपट आणि शालेय पोषण आहाराची साठा नोंदवही. पहिलीत मुले मोजली जातात, दुसरीत तांदूळ मोजला जातो, आणि दुसरीचा हिशेब पहिलीवर अवलंबून असतो. गेल्या काही वर्षांत यांपैकी बरेचसे काम संगणकावरील एक्सेलच्या तक्त्यात होऊ लागले आहे. तथापि तक्ता संगणकावर आला म्हणजे श्रम आपोआप वाचतात, असे नाही. वहीत जी ओळ हाताने लिहावी लागे, तीच आता कळफलकावर लिहावी लागते, एवढाच फरक अनेक शाळांत पडला आहे. तक्त्यावर एक बटण बसवून हे श्रम कसे कमी करता येतात आणि त्याबरोबर कोणती नवी जबाबदारी पत्करावी लागते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

कल्पना करावी की, बाळकुम येथे राहणारे एक गुरुजी रोज सकाळी कशेळीचा पूल ओलांडून भिवंडी तालुक्यातील एका शाळेत जातात. बाळकुम ठाणे महानगरपालिकेच्या हद्दीत आहे; खाडी ओलांडली की ग्रामीण भागातील जिल्हा परिषदेच्या शाळा सुरू होतात. शाळा पहिली ते आठवीची, शिक्षक थोडे, आणि मुख्याध्यापकपदाचा कार्यभारही याच गुरुजींकडे. हजेरी झाली की मुलांची संख्या घ्यावयाची, लागणारा तांदूळ काढावयाचा, तो मोजून द्यावयाचा आणि तक्त्यात नोंद करावयाची. आकडा लिहावयास क्षणभर लागतो. परंतु योग्य पान उघडणे, शेवटची ओळ शोधणे, कालचे सूत्र खाली ओढणे, बेरीज जुळते की नाही हे पाहणे, यात गणिताच्या तासाचा आरंभ निघून जातो. पुढे बसलेली मुले वाट पाहत असतात. बटणाचा विचार करावयाचा तो या मुलांसाठी.

बटण म्हणजे काय?

शाळेतील घंटेचे उदाहरण घ्यावे. शिपाई टोल देतो आणि मुले रांगेत उभी राहतात, राष्ट्रगीत होते, प्रतिज्ञा होते, मग मुले वर्गात जातात. हे सर्व घंटेत नसते. मुलांना आधी शिकविलेल्या क्रमात ते असते. घंटा केवळ त्या क्रमास आरंभ करून देते. तक्त्यावरील बटणाचेही असेच आहे. संगणकास आधी शिकवून ठेवलेल्या कृतींच्या क्रमास मॅक्रो म्हणतात. बटण ही घंटा, मॅक्रो हा परिपाठ. परिपाठ नीट बसविला नसेल तर घंटा कितीही जोराने वाजवली तरी गोंधळच होणार.

मॅक्रो दोन प्रकारे तयार करता येतो. एक्सेलमध्ये १९९३ सालापासून व्हिज्युअल बेसिक नावाची भाषा समाविष्ट आहे. त्या भाषेत सूचना लिहिणे हा एक मार्ग. दुसरा मार्ग त्याहून सोपा आहे. शिक्षकाने सर्व कृती एकदा स्वतः करून दाखवाव्यात व संगणकाने त्या टिपून घ्याव्यात. या टिपून घेण्यास ‘रेकॉर्ड’ करणे असे म्हणतात. फळ्यावर एक उदाहरण सोडवून दाखविल्यावर विद्यार्थी तशीच रीत उतरवून घेतो, तसाच हा प्रकार आहे. भाषा येत नसली तरी या मार्गाने काम होते, म्हणून येथे तोच घेतला आहे.

कोणते काम सूत्रास, कोणते बटणास?

आरंभी हा विवेक केला नाही तर पुढे घोटाळा होतो. ज्याचे उत्तर आकड्यांवरून निघते, ते काम सूत्राचे. उपस्थितीस प्रमाणाने गुणणे, बेरीज करणे, शिल्लक काढणे यांसाठी बटण नको; आकडा बदलताच सूत्र आपण होऊन उत्तर बदलते. याउलट, ज्यात एका जागचे दुसऱ्या जागी न्यावयाचे आहे, नवी ओळ घालावयाची आहे, लिहिलेले पुसावयाचे आहे, ते काम बटणाचे. थोडक्यात, हिशेब सूत्राने करावा आणि हालचाल बटणाने.

पोषण आहाराचा हिशेब पाहावा. केंद्र शासनाच्या प्रमाणानुसार पहिली ते पाचवीच्या प्रत्येक विद्यार्थ्यास दररोज १०० ग्रॅम व सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यास १५० ग्रॅम तांदूळ धरला जातो. लहान गटात ४२ मुले उपस्थित असतील तर ४ किलो २०० ग्रॅम, मोठ्या गटात १८ असतील तर २ किलो ७०० ग्रॅम, म्हणजे त्या दिवशी एकूण ६ किलो ९०० ग्रॅम तांदूळ लागेल. हे काम सूत्राचे. हा दिवस नोंदपानावर उतरविणे आणि उद्यासाठी जागा मोकळी करणे, हे काम बटणाचे.

पानांची मांडणी

एकाच फाइलीत दोन पाने करावीत. पहिल्याचे नाव ‘आजची नोंद’, दुसऱ्याचे ‘साठा नोंद’. दोन्ही पानांवर पहिल्या ओळीत तीच पाच शीर्षके त्याच क्रमाने लिहावीत : ‘ए’ रकान्यात दिनांक, ‘बी’मध्ये पहिली ते पाचवीची उपस्थिती, ‘सी’मध्ये सहावी ते आठवीची उपस्थिती, ‘डी’मध्ये जमा तांदूळ, ‘ई’मध्ये खर्च तांदूळ. जमा व खर्च दोन्ही किलोग्रॅममध्ये ठेवावेत.

‘आजची नोंद’ या पानावर दुसरी ओळ भरण्यासाठी असेल. तिच्यातील खर्चाच्या घरात सूत्र लिहावे. मात्र ०.१ व ०.१५ हे आकडे सूत्रात कोंबू नयेत. ते खाली वेगळ्या दोन घरांत लिहून सूत्राने त्यांच्याकडे बोट दाखवावे. प्रमाण बदलले तर एक घर बदलले की पुरे, सूत्रास हात लावावा लागत नाही. त्याच पानावर आरंभीचा साठा एका घरात लिहावा, आणि शेजारच्या घरात शिल्लक काढणारे सूत्र ठेवावे : आरंभीचा साठा, अधिक नोंदपानावरील सर्व जमा, उणे सर्व खर्च.

‘साठा नोंद’ या पानावर नवी नोंद नेहमी शीर्षकाखालीच, म्हणजे दुसऱ्या ओळीत घालावी आणि जुन्या नोंदी खाली सरकू द्याव्यात. वहीत शेवटची नोंद तळाशी असते. येथे ती सर्वांत वर असेल. हा उलटा क्रम मुद्दाम सुचविला आहे. रेकॉर्ड करणारा संगणक शिक्षकाचा हेतू टिपत नाही, घराचा पत्ता टिपतो. आज विसाव्या ओळीत नोंद करून दाखविली तर तो उद्याही विसाव्याच ओळीत लिहील आणि आजची नोंद पुसून टाकील. जागा नेहमी तीच ठेवली, म्हणजे ही अडचण उद्भवतच नाही.

याच पानावरील दिनांकाचा संपूर्ण रकाना आधीच दिनांकाच्या स्वरूपात ठेवावा. एक्सेल दिनांकास अंतर्यामी एक संख्याच समजते; १ जानेवारी १९०० यास १ धरून ती पुढचे दिवस मोजीत जाते. स्वरूप ठरवून दिले नाही तर दिनांकाच्या जागी पाच अंकी आकडा दिसतो आणि शिक्षक उगाच घाबरून जातात.

मॅक्रो टिपून घेणे

प्रथम ‘डेव्हलपर’ हा विभाग दिसू लागला पाहिजे. ‘फाइल’, त्यात ‘ऑप्शन्स’, त्यात ‘कस्टमाइझ रिबन’ येथे जाऊन ‘डेव्हलपर’पुढे खूण करावी. नंतर फाइल ‘मॅक्रो-एनेबल्ड वर्कबुक’ या प्रकारात जतन करावी. साध्या प्रकारात जतन केल्यास मॅक्रो फाइलीत राहत नाही, आणि बटण दिसत असूनही काम करीत नाही.

आता ‘आजची नोंद’मध्ये एक नमुना दिवस भरावा, ‘रेकॉर्ड मॅक्रो’ दाबावे, रोमन लिपीत मोकळी जागा न सोडता नाव द्यावे आणि मॅक्रो याच फाइलीत ठेवण्यास सांगावे. त्यानंतर पुढील कृती सावकाश, याच क्रमाने कराव्यात. प्रत्येक अनावश्यक टिचकीही टिपली जाते, हे ध्यानात ठेवावे.

(१) फाइल जतन करावी.
(२) ‘साठा नोंद’ पानावर जाऊन दुसऱ्या ओळीच्या क्रमांकावर उजवी टिचकी द्यावी व नवी ओळ घालावी.
(३) ‘आजची नोंद’वर परतून दुसऱ्या ओळीतील पाचही घरे निवडावीत व ‘कॉपी’ करावीत.
(४) ‘साठा नोंद’वर दुसऱ्या ओळीतील पहिल्या घरात ‘पेस्ट स्पेशल’मधील ‘व्हॅल्यूज’ या पर्यायाने ती उतरवावीत. साध्या रीतीने उतरविल्यास खर्चाचा आकडा न येता सूत्र येईल आणि त्याचे उत्तर चुकेल.
(५) ‘आजची नोंद’वर येऊन ‘एस्केप’ कळ दाबावी व दोन्ही उपस्थिती आणि जमा तांदूळ ही तीन घरे पुसावीत. दिनांक व खर्चाचे सूत्र यांस हात लावू नये.
(६) ‘स्टॉप रेकॉर्डिंग’ दाबावे.

बटण बसविणे

‘डेव्हलपर’मधील ‘इन्सर्ट’ दाबले की ‘फॉर्म कंट्रोल्स’ या गटात बटणाचे चित्र दिसते. ते निवडून ‘आजची नोंद’ पानावर मोकळ्या जागी, भरावयाच्या ओळीपासून थोडे दूर, माउसने चौकोन ओढावा. लगेच ‘असाइन मॅक्रो’ अशी चौकट उघडते. तीत आपण दिलेले नाव निवडून ‘ओके’ म्हणावे. मग बटणावर उजवी टिचकी देऊन ‘एडिट टेक्स्ट’ने त्यावर मराठीत लिहावे : ‘आजची नोंद उतरवा’. केवळ ‘ओके’ किंवा ‘क्लिक’ असे लिहू नये. बदली शिक्षक आले तरी हे बटण काय करते, हे वाचताच कळले पाहिजे. रकाने रुंद केल्यावर बटण ताणले जाऊ नये म्हणून ‘फॉरमॅट कंट्रोल’मधील ‘प्रॉपर्टीज’ येथे ते घरांबरोबर न हलण्याचा व आकार न बदलण्याचा पर्याय निवडावा.

होणाऱ्या चुका व त्यांवरील उपाय

बटण बसविणे हा या कामाचा सोपा भाग आहे. ते चुकू नये अशी तजवीज करणे हा महत्त्वाचा. तीन चुका विशेषकरून संभवतात.

पहिली चूक बेरजेची. शिल्लक काढताना बेरीज स्वाभाविकपणे दुसऱ्या ओळीपासून लिहिली जाते, कारण आकडे तेथून सुरू होतात. परंतु दुसऱ्या ओळीच्या जागी नवी ओळ घातली की जुनी दुसरी ओळ तिसरी होते, आणि सूत्रही तिच्याबरोबर खाली सरकून तिसऱ्या ओळीपासून बेरीज करू लागते. नवी नोंद बेरजेच्या बाहेर राहते. कागदावरील तांदूळ तेवढाच दिसतो आणि पोत्यातील तांदूळ रोज घटत जातो. तपासणीच्या दिवशी तक्त्यात भरलेले पोते आणि खोलीत रिकामे पोते अशी अवस्था होते. यात कोणाची अप्रामाणिकता नसते, केवळ सूत्र एक ओळ खाली लिहिलेले असते. तथापि उत्तर मुख्याध्यापकांनाच द्यावे लागते. उपाय सोपा आहे. बेरीज शीर्षकाच्या ओळीपासून, म्हणजे पहिल्या ओळीपासून पाचशेव्या ओळीपर्यंत लिहावी. शीर्षकातील अक्षरे बेरजेत धरली जात नाहीत, आणि नवी ओळ मर्यादेच्या आत पडत असल्याने मर्यादा आपोआप वाढते.

दुसरी चूक दोनदा दाबण्याची. संगणक मंद असला की काही झाले नाही असे वाटून बटण पुन्हा दाबले जाते. वर पाचव्या कृतीत घरे पुसण्यास सांगितले, ते केवळ उद्याच्या सोयीसाठी नव्हे. घरे रिकामी झाल्याने दुसऱ्या दाबण्याने खर्च शून्याचा नोंदविला जातो. एक फुकट ओळ वाढते, ती डोळ्यांस दिसते व काढून टाकता येते. परंतु तांदूळ दोनदा वजा होत नाही. याखेरीज दिनांकाच्या खाली ‘काउंटइफ’ या सूत्राने नोंदपानावर तोच दिनांक आहे का, हे तपासणारे घर ठेवावे. असल्यास त्यात ‘या दिनांकाची नोंद झाली आहे’ असे शब्द यावेत. बटण दाबण्यापूर्वी त्या घराकडे पाहण्याची सवय लावावी. बटणानेच थांबून विचारणा करावी असे वाटत असेल, तर मात्र व्हिज्युअल बेसिकमध्ये दोन-चार ओळी लिहाव्या लागतात. रेकॉर्ड करून अट शिकविता येत नाही.

तिसरी चूक परत फिरता येईल या समजुतीची. एरवी एक्सेलमध्ये ‘अनडू’ने मागे जाता येते; परंतु मॅक्रोने तक्त्यात बदल केला की ती मागची वाट पुसली जाते. म्हणूनच फाइल जतन करणे ही पहिली कृती ठेवली आहे, शेवटची नव्हे. चूक झाली असे दिसताच फाइल जतन न करता बंद करावी व पुन्हा उघडावी. बटण दाबण्यापूर्वीची स्थिती मिळते. ‘ऑटोसेव्ह’ चालू असल्यास हा उपाय चालत नाही, म्हणून ते बंद ठेवावे. आठवड्यातून एकदा दिनांक घालून फाइलीची स्वतंत्र प्रत पेन ड्राइव्हवर ठेवावी.

दुसऱ्यांनी केलेल्या फाइली

महाराष्ट्रातील अनेक प्राथमिक शिक्षकांनी स्वप्रयत्नाने अशा फाइली तयार करून इतर शाळांस विनामूल्य दिल्या आहेत. २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, आकारिक व संकलित गुणांची बेरीज आणि श्रेणी प्रत्येक विद्यार्थ्यासाठी काढावी लागू लागली, तेव्हा या फाइलींचा मोठा आधार झाला. ही परंपरा अभिमानास्पद आहे. परंतु मॅक्रो म्हणजे आज्ञा, आणि अनोळखी माणसाची आज्ञा न वाचता पाळणे धोक्याचे. मार्च १९९९ मध्ये ‘मेलिसा’ नावाचा विषाणू वर्डच्या कागदपत्रातील मॅक्रोच्या आधारे जगभर पसरला होता. या कारणास्तव मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो मुळातच अडवून ठेवण्याची व्यवस्था केली. अशी फाइल उघडताच वर सूचनेची पट्टी दिसते. फाइल कोणी केली हे ठाऊक असेल, तिने काय होते हे विचारून घेतले असेल, तरच फाइलीच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन ‘अनब्लॉक’ करावे. पट्टी त्रासदायक वाटते म्हणून सर्वच मॅक्रोंना कायमची मोकळीक देणारा पर्याय निवडू नये. तसे करणे म्हणजे शाळेचे फाटक रात्रंदिवस उघडे ठेवण्यासारखे आहे. विद्यार्थ्यांची नावे, जन्मतारखा व आधार क्रमांक याच संगणकात असतात, याचा विसर पडू नये.

अन्य साधने

ज्या शाळेत एक्सेल नाही तेथे लिब्रे-ऑफिस ही विनामूल्य प्रणाली वापरता येते. तीतही मॅक्रो व बटण आहे. मात्र एक्सेलमध्ये केलेला मॅक्रो तेथे जसाच्या तसा चालेलच असे नाही, म्हणून तो तेथेच नव्याने करावा. गूगल शीट्समध्ये २०१८ पासून मॅक्रो टिपून घेता येतो, आणि पानावर काढलेल्या आकृतीस तो जोडता येतो. बरेच शिक्षक हे काम मोबाइलवर करू पाहतात. त्यांनी हे लक्षात घ्यावे की, मोबाइलवरील एक्सेलमध्ये मॅक्रो चालत नाही, आणि गूगल शीट्सच्या मोबाइल आवृत्तीत आकृतीचे बटण दाबले तरी काही होत नाही. ही योजना संगणकावर बसूनच वापरावयाची आहे.

समारोप

बटणास हिशेब कळत नाही. पोत्यास भोक पडून सांडलेला तांदूळ त्यास दिसत नाही, पाठीमागच्या बाकावरचे मूल न जेवता घरी गेले हेही दिसत नाही. शिकविलेला क्रम ते निमूटपणे पार पाडते, चुकीचा शिकविला असेल तर तोही तितक्याच तत्परतेने. म्हणून ज्या शिक्षकास ही नोंद हाताने बिनचूक करता येते, त्यानेच ती बटणास शिकवावी. पहिला महिनाभर वही व तक्ता दोन्ही ठेवावेत, दर शनिवारी पोत्यातील तांदूळ प्रत्यक्ष वजन करून तक्त्यातील शिलकेशी ताडून पाहावा, आणि दोन्ही जुळू लागल्यावरच तक्त्यावर विसंबावे. पुढेही हे वजन करणे सोडू नये.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत हा प्रयोग एकत्र करून पाहण्यासारखा आहे. एका शिक्षकाने फाइल तयार करावी. दुसऱ्याने ती मुद्दाम बिघडवून पाहावी. बटण दोनदा दाबावे, उपस्थितीचे घर रिकामे ठेवावे, सुट्टीचा दिनांक घालावा, आणि शिल्लक बरोबर राहते की नाही हे सर्वांनी मिळून तपासावे. अशा परीक्षेतून उतरलेली फाइल शाळेत न्यावी. मग हजेरी झाली, संख्या लिहिली, बटण दाबले, की नोंद पुरी झाली. आणि कशेळीचा पूल ओलांडून आलेल्या गुरुजींस गणिताचा तास वेळेवर सुरू करता आला, तर बटणाचे सार्थक झाले.